लहान प्रश्न, भक्कम साधने



संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुणाला विषय विचारला, तर उत्तर बहुधा ‘शिवछत्रपतींचे युग’ किंवा ‘प्राचीन भारताचे विज्ञान’ असे येते. भावना उदात्त आहे. परंतु हा प्रश्न नव्हे, महासागर आहे. चार छापील पुस्तके वाचून पाचवे सिद्ध होते आणि त्यातील एका चुकीवर बोट ठेवून टीकाकार साऱ्या अभिमानालाच खोटे ठरवतो. हानी त्या तरुणाची नसते, विषयाची असते.

आटोपशीर प्रश्नाचा नमुना म्हणजे शिवरायांच्या जन्मतिथीचा वाद. प्रश्न एका ओळीचा : जन्म केव्हा झाला? बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, दीर्घकाळ मानला जाई. परंतु मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. घटना आणि लेखन यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांकडील या नोंदींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवजयंतीला सार्वजनिक रूप देणाऱ्या टिळकांनीच रूढ समजुतीला धक्का देणारा कागद पुढे आणला, हे विसरता येत नाही.

एका कागदावर मात्र निकाल लागत नाही. समकालीन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी आढळली. त्याची प्रत तंजावरात होती. जोधपूरच्या संग्रहातील कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. भोरकडील कारी, तंजावर आणि जोधपूर. इतक्या दूरच्या साक्षीदारांनी संगनमत केले असे कोण म्हणेल? उलट, दहा बखरी एकाच जुन्या बखरीवरून उतरलेल्या असतील, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच. (उत्सव तिथीने करावा की तारखेने, हा प्रश्न वेगळा, तो येथे मिसळला की दोन्हींचा विचका होतो.)

गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा. ‘आमच्या गावाचा गौरवशाली इतिहास’ बाजूला ठेवून ‘शिवालयाचा जीर्णोद्धार कोणी व केव्हा केला?’ एवढेच विचारावे. गाभाऱ्याच्या दारावरील शिलालेख, पुजाऱ्याच्या घरची इनामाची सनद, पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद, ही पहिली साधने. वृद्धांच्या आठवणी अवश्य टिपाव्यात. पण त्या आजोबा-पणजोबांपर्यंतच्या काळापुरत्या. त्यापलीकडची कथा ‘गावात असे सांगतात’ या शब्दांनीच नोंदवावी. मोडी येत नसेल तर ती आधी शिकावी. रोज तासभर दिला तर काही महिन्यांत साधी पत्रे लागू लागतात. आणि सनदेवरील नाव आपल्याला हवे ते निघाले नाही, तरी निघाले तेच लिहावे.