जिल्हा तुटला, कोर्टाचं काय?
(गावमेळाव्यातलं भाषण)



१ जुलै १९९८ ला धुळे जिल्हा तुटून नंदुरबार जिल्हा झाला. आपल्याला वाटलं, आता सगळं जवळ आलं. पण कलेक्टरचा जिल्हा वेगळा, कोर्टाचा वेगळा. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात कलम ७ होतं. सेशन कोर्टाच्या एका विभागात दोन-तीन जिल्हेसुद्धा राहू शकत होते. ती हद्द सरकार बदलायचं, हायकोर्टाशी बोलून. गावाला विचारा, असं त्यात नव्हतं.

माझ्या काकांवर जमीन नांगरल्याची जंगल केस होती. खाली दंड झाला, अपील जिल्ह्याच्या कोर्टात. आदल्या दिवशी डोंगर उतरायचे, रात्री स्टँडवर झोपायचे, फडक्यात भाकर-मिरची. एकदा श्रावणात नाल्याला पूर, तारीख चुकली, वॉरंट निघालं. वकील म्हणे, नकाशावर तर जवळ दिसतंय! नकाशात नाला म्हणजे बारीक निळी रेघ.

म्हणून आपलं म्हणणं एकच. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी आला पाहिजे, अशी हद्द करा. ग्रामसभेत तसा ठराव घ्या, सरकारला पाठवा, नक्कल हायकोर्टाला. आणि हद्द बदललीच, तर आपली जुनी फाईल कुठल्या कोर्टात गेली ते वकिलाकडून लिहून घ्या. सातबारा आपल्या हातात नाही, निदान केसचा नंबर तरी असू द्या.