घडीचा चाकू घेताना

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किंवा गावोगावच्या आठवडी बाजारात विळे-कोयत्यांच्या शेजारी घडीचे चाकूही मांडलेले दिसतात. स्वस्त चाकू टाकाऊच असतो, असं मुळीच नाही. फक्त तो पारखून घ्यावा लागतो.

आधी चाकू उघडून पातं अलगद डावी-उजवीकडे हलवून पाहावं. ते डुगडुगलं, तर रिबीट सैल आहे. मिटल्यावर पातं मुठीच्या खाचेत मधोमध बसलं पाहिजे.

मग धार उजेडात धरावी. धारेवर चमकणारा ठिपका दिसला, तर तिथे ती बोथट आहे.

पोलादाचंही पाहावं. घिसाडी कारागीर ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून कोयते घडवतात. अशा साध्या, गंजरोधक नसलेल्या पोलादाला धार लवकर लागते, पण गंजही लवकर चढतो. लिंबू किंवा कैरी कापल्यावर पातं पुसून कोरडं करावं, तेलाचं बोट फिरवावं. स्टेनलेसला हा त्रास कमी. लोहचुंबकाची परीक्षा मात्र फसवी असते, कारण चाकूचं बरंचसं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

शेवटी, उघडं पातं अडकून राहतं का, तेही पाहावं. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला. उघडं पातं अडकवणारं फिरतं कडं त्याला 1955 मध्ये आलं. आपल्या बाजारातल्या अनेक स्वस्त चाकूंना अशी अडकवण नसते. म्हणून त्यांनी दोरी, फळं, भाजी कापावी. टोकावर जोर देऊ नये, पातं बोटांवर मिटतं.