समुद्रावरची रेघ आणि खलाशाचा संसार



युद्धविरोधी चळवळीवर बोला, असे आम्हाला सांगण्यात आले, तेव्हा निमंत्रकांच्या मनात बहुधा 2 ऑक्टोबर 1939 हा दिवस असावा. त्या दिवशी मुंबईच्या सुमारे 90 हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. ती हकीकत ऐकतच आम्ही कामगार चळवळीत वाढलो. परंतु ती सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. आज आम्ही त्याहून पुष्कळ कमी देखण्या अशा एका कामाविषयी बोलणार आहोत, आणि ते आपल्याच पालघर जिल्ह्यातले आहे.

पावसाळा सरला की तलासरी-डहाणूकडची तरुण माणसे, त्यांत आदिवासी पुष्कळ, उचल घेऊन पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. घरच्या शेतावर वर्ष निघत नाही. मासळीमागे बोटीला किती लांब जावे लागते, हे पाचूबंदरच्या आणि अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना आम्ही काय सांगावे! कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची सुमारे 96 किलोमीटरची खाडी आहे. तिच्यातून हद्द कुठून जाते याविषयी भारत व पाकिस्तान यांचे एकमत नाही. त्यामुळे पुढे समुद्रातलीही हद्द ठरलेली नाही. दिशा दाखवणारे यंत्र तांडेलापाशी, बोट शेठची, आणि जाळे ओढायला खलाशी. पाकिस्तानच्या सागरी दलाने बोट धरली म्हणजे शेठचा माल जातो. खलाशाची वर्षे जातात. आपले तटरक्षक दलही सिंधच्या मच्छीमारांना असेच धरते. कधी प्रकरण तुरुंगावरच थांबत नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर गोळीबार झाला, त्यात आपल्या जिल्ह्यातला एक खलाशी प्राणास मुकला.

कायदा नाही, असे कोणी समजू नये. 21 मे 2008 रोजी दोन्ही सरकारांनी करार केला. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांस द्यायच्या, तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाची भेट घडवायची, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात माणूस परत पाठवायचा. याद्या दिल्या जातात. तो एक महिना मात्र वर्षांवर वर्षे लांबतो. कैद्यांना भेटण्यासाठी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती 2007 साली नेमली होती. तिची पाकिस्तानातली शेवटची फेरी ऑक्टोबर 2013 मधली.

या रिकाम्या जागेत जी माणसे काम करतात तीच आमच्या मते खरी युद्धविरोधी चळवळ. 1994 पासून पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम आहे. कराचीकडे पाकिस्तान फिशरफोक फोरम आहे. सुटलेल्या आपल्या माणसांना कराचीहून लाहोरला आणण्याचा खर्च तिथली एधी फाउंडेशन करीत आली आहे. (कराचीहून ओखा समुद्राने किती जवळ! पण खलाशाला सारा पाकिस्तान ओलांडून वाघ्याला यावे लागते.) आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ते कागदाचे काम. एका बाईच्या नवऱ्याचे आडनाव यादीत एक, रेशनकार्डावर दुसरे आणि मतदार ओळखपत्रावर तिसरेच. तिकडच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले, त्याला दोष काय द्यावा? पण तेवढ्यासाठी माणूस आपला की नाही, हेच ठरेना. तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर आम्ही किती खेपा घातल्या, याचा हिशेब ठेवलेला नाही.

आता आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला निरपराध माणसे मारली गेली, आणि मे महिन्यात दोन्ही देशांत लढाई जुंपली. त्या बाईचा अर्ज तयार होता. युनियनच्या बैठकीत एक जुना सहकारी म्हणाला, "साहेब, या दिवसांत कराचीचे नाव काढू नका, लोक आपल्याला काय म्हणतील?" आम्ही सभेत मोठमोठ्याने बोलणारे, त्या दिवशी गप्प बसलो. अर्ज खणात राहिला. 10 मेला तोफा थांबल्या, तरी तो खणातच होता. जूनमध्ये ती बाई स्वतः आली. "दादा, लढाई थांबली ना? मग आमचा कागद का थांबला?" तिला पाणी दिले, बसायला सांगितले. उत्तर नव्हते. अर्ज त्याच दिवशी पाठवला.

पुढे 1 जुलै 2025 उजाडला, आणि ज्या सरकारांनी दोन महिन्यांपूर्वी एकमेकांवर क्षेपणास्त्रे सोडली होती त्यांनी ठरल्या दिवशी याद्या दिल्या. पाकिस्तानच्या यादीत 193 भारतीय मच्छीमार. आपल्या यादीत त्यांचे 81. म्हणजे दिल्ली-इस्लामाबादचे कारकून आपले काम करीत होते, आणि कचरलो होतो ते आम्ही. त्या 81 जणांच्याही घरी सिंधमध्ये कोणी बाई कागद घेऊन कोणा युनियनवाल्याच्या दारात बसली असेल. तिथल्या माणसाने तिचा अर्ज त्या मे महिन्यात पाठवला की आमच्यासारखा खणात ठेवला, हे विचारण्याची आमची फार इच्छा आहे.

बाईचा फोन अधूनमधून येतो. नवरा कधी येईल, असे ती आता विचारीत नाही. पुढच्या यादीत आडनाव नीट लिहितील ना, एवढेच विचारते.