दोन जेवणांच्या मधले तास
परळीच्या वैद्यनाथासाठी श्रावणी सोमवार धरणारा बीड जिल्हा उपवासाला नवा नाही. नवा आहे तो रोजचा उपवास. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनच जेवणं, तीही प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत, ही पद्धत घरोघरी नेली. बऱ्याच जणांचा सकाळचा गोड चहा सुटला.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं ते बहुधा इथूनच. चहा एकदम तुटतो, आणि जेवणातून मिळणारं पाणीही कमी होतं. तेव्हा पाणी, पातळ ताक घेत राहा. रक्तदाब असेल तर ताकात मीठ नको. पोट साफ होत नसेल तर ताटात मटकीची उसळ, मेथीची भाजी वाढवा. दिवसभर निरंकार राहून रात्री तळलेल्या साबुदाणावड्यांवर तुटून पडलं, तर पित्त उसळणारच. त्याचा दोष उपवासाला कशाला?

खरी काळजी मधुमेहाच्या औषधांची. जेवण टाळलं तरी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड आपलं काम करतच राहतं. दरदरून घाम, हातांना कंप, गोंधळल्यासारखं होणं, म्हणजे साखर उतरली. अशा वेळी उपवास मोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, 15 मिनिटांनी साखर तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या वाटेला जाऊ नये. गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.