आम्ही येथे आहोत



खिशात फोन असताना मोटारीवर काठी लावून ‘आम्ही येथे आहोत’ असे आकाशाला सांगत हिंडण्याचा हा कसला नाद, असे आम्हांस घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे.

या नादाच्या आरंभीच्या वाटचालीत एक शर्यत आहे. बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन हौशी रेडिओवाल्याने १९८४ साली १०० मैलांच्या घोडदौडीत घोडे कोठवर आले हे कळावे म्हणून एका लहानशा घरगुती संगणकावर व्यवस्था रचली. अशा प्रयत्नांतून पुढे ‘एपीआरएस’ ही पद्धत वाढली. तिची रीत साधी आहे. उपग्रहांच्या संकेतांवरून आपले अक्षांश-रेखांश समजतात. एक डबी त्यांचे स्वरांत रूपांतर करते, आणि सेकंदाला १२०० बिट अशा संथ गतीने ते प्रक्षेपित होतात. टेकडीवरचे एखादे केंद्र ते ऐकते व पुढे ऐकवते. उत्तर अमेरिकेत साऱ्यांसाठी १४४.३९० मेगाहर्ट्झ ही एकच जागा आहे. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही बोलणे वाया जाण्याचा संभव! म्हणून मोजके बोलावे, हा येथला पहिला शिष्टाचार.

ठावठिकाण्याच्या या हाकेची पोच मात्र कोणी देत नाही. याचा धडा आम्हांस एका घाटात मिळाला. आम्ही दरीत उतरलो आणि डोंगर आड आला. घरी नकाशावर आमचा ठिपका दोन तास कड्याच्या टोकाशी थिजून राहिला. आम्ही झाडाखाली भाकरी खात होतो. घरी मात्र कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवशी कळले की, ठिपका म्हणजे माणूस नव्हे. ती त्याची शेवटची ऐकू आलेली हाक. पण खरोखरच घात झाला असता, तर शोध कोठून सुरू करावा, हे त्याच हाकेने सांगितले असते. आणि तेथे फोनचा मनोरा नव्हता.

आणखी एक गोष्ट. फोन आपला ठावठिकाणा कोणाकोणास सांगतो, हे आपणांस पुरते ठाऊक नसते. येथे आपण परवाना घेऊन, आपल्या संकेतनामाने, उघड बोलतो. ते चोरासही ऐकू येते, हे खरे. म्हणून घर रिकामे असता आम्ही पुष्कळदा गप्प राहतो. बोलावे की गप्प राहावे, हे ठरविणारे बटण आपल्या हाती आहे. आमच्या नादाचे समर्थन विचाराल, तर एवढेच.