हार्लेमचा सूर, हार्टफर्डचे गुरुजी

सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण त्याचा आवाज जन्मतो मुखाशी बांधलेल्या, बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून. फुंकर बसली की ती थरथरते आणि पितळ बोलू लागतं. जॅझवादक जॅकी मॅक्लीन यांच्या हाती ते धारदार, काळजाला भिडणारं बोललं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या जॅकींना पियानोवादक बड पॉवेल यांचं मार्गदर्शन लाभलं. १९५१ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं. मात्र अमली पदार्थांच्या व्यसनापायी क्लबात वाजवण्याचा परवाना गेला. ते त्यातून सावरले आणि शिकवण्याकडे वळले.

१९७० मध्ये पत्नी डॉली आणि सहकाऱ्यांसह त्यांनी हार्टफर्ड शहरात ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही संस्था उभारली. रस्त्यावर भरकटू शकणाऱ्या मुलांच्या हाती तिथे वाद्यं आली. हार्टफर्ड विद्यापीठात त्यांनी आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा अभ्यासक्रम उभा केला. त्यांचे शिष्य पुढे स्वतः नामवंत वादक झाले.

२००६ मध्ये ते गेले. विद्यापीठातली जॅझ शिक्षणाची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.