किती उपचार पुरे?



क्लिनिकल ट्रायल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादं नवं, महागडं औषध येतं. आज मी ज्या चाचण्यांविषयी बोलणार आहे, त्यांत नवं औषध नाहीच. रुग्णाच्या उपचारातून काय काढून टाकलं तरी चालेल, असा उलटा प्रश्न त्यांनी विचारला.

पहिली चाचणी मद्रासची. १९५०च्या दशकात क्षयाचा रुग्ण म्हटला की सॅनिटोरियम आलंच. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला ते होतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, सकस आहार, आणि घरच्यांपासून महिनोन्‌महिने ताटातूट. शिवाय खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखोंनी. १९५६ साली आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि मद्रास सरकार यांनी मिळून शहरात एक केंद्र काढलं. त्यांनी १९३ गरीब रुग्ण निवडले. घरी कोण राहणार आणि सॅनिटोरियममध्ये कोण जाणार, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. धडधाकट रुग्ण घरी ठेवले असते आणि खंगलेले सॅनिटोरियममध्ये धाडले असते, तर गुण जागेचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे कधीच कळलं नसतं.

औषधं दोघांना तीच : आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. घरी राहिलेल्यांचं जेवण बेताचं, खोली दाटीवाटीची, विश्रांतीही पुरेशी नाही. तरी वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ८६ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. सॅनिटोरियममधल्या ९२ टक्क्यांचा. खरी धास्ती होती ती घरातल्या माणसांना लागण होण्याची. पाच वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की रुग्ण घरी राहिल्यामुळे घरच्यांमध्ये क्षय वाढला नाही. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष त्याआधीच, १९५९ साली, प्रसिद्ध झाले होते. आज टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, त्यामागे ही चाचणी आहे.

दुसरी चाचणी मुंबईतली, अगदी अलीकडची. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर आणि उलट्यांवर ओलान्झापिन हे मूळचं मानसोपचारातलं औषध चांगलं चालतं. रूढ डोस १० मिलिग्रॅम. पण त्याने रुग्णाला गुंगी येते. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २७५ रुग्णांवर १० मिलिग्रॅमची तुलना २.५ मिलिग्रॅमशी केली. २०२४ मध्ये निकाल आला : उलट्या आवरण्यात दोन्ही डोस जवळपास सारखेच. मात्र पहिल्या दिवशी तीव्र गुंगी मोठ्या डोसवाल्यांपैकी ४० टक्क्यांना, तर छोट्या डोसवाल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना. केमो घेतलेली बाई त्या दिवशी डोळे उघडे ठेवून चार शब्द बोलू शकते, हा फरक लहान नाही.

आता कोणी म्हणेल, मग सगळेच उपचार कमी करा की! तसंही नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेत मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबावं, हा वाद जुना होता. थांबलं तर कित्येकांची मानेची शस्त्रक्रिया वाचेल, असा हिशोब होता. टाटा मेमोरियलनेच ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये मांडले : लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. इथे कमी उपचार महागात पडले. म्हणूनच 'कमी' हा अंदाज असून चालत नाही, तो तपासावा लागतो.

अडचण एवढीच, की पाव डोस पुरतो हे सिद्ध करायला औषध कंपनी कशाला पैसे घालील? असे प्रश्न सरकारी आणि सार्वजनिक संस्थांनीच हाती घ्यायला हवेत, आणि त्यासाठी लागणारा पैसा आपण करदात्यांनी मागायला हवा.

उद्या तुम्हाला कोणी चाचणीत भाग घेण्याविषयी विचारलं, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. संमतिपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. चाचणी भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का ते पाहा. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीत नसलात, तरी मनाने गोळ्या कमी करू नका, डॉक्टरांनाच विचारा, "यातलं काय कमी करता येईल, आणि ते कुठे तपासलं गेलंय?"